लंबकाची सनद



मुसलमान शास्त्रज्ञांच्या कामगिरीवर एखादा तरी लेख आपल्यासारख्या संस्थांच्या स्मरणिकेत असतोच. आपण तो अभिमानाने वाचतो, घरी मुलांना वाचून दाखवतो आणि मुले त्यातली वाक्ये वक्तृत्व स्पर्धेत म्हणून दाखवतात. प्रस्तुत लेखही त्याच प्रकारचा आहे. फक्त त्याची सुरुवात एका चुकीच्या कबुलीने करावी लागत आहे, आणि चूक दुसऱ्या कोणाची नसून माझी आहे.

काही वर्षांपूर्वी आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेसाठी नववीतल्या एका विद्यार्थ्याला मी भाषण लिहून दिले होते. त्यात एक वाक्य असे होते : "गॅलिलिओच्या सहाशे वर्षे आधी कैरोच्या इब्ने यूनुस यांनी लंबकाचा शोध लावला." मुलाने ते वाक्य हात उंचावून इतक्या जोशात म्हटले की सभागृहात टाळ्या पडल्या. परीक्षकांमध्ये विज्ञानाचे एक वयोवृद्ध शिक्षक होते. त्यांनी मुलाला जवळ बोलावून प्रेमाने दोन प्रश्न विचारले. "बाळ, हे कुठल्या ग्रंथात लिहिलं आहे? आणि लंबकाचा शोध म्हणजे नक्की कशाचा शोध? दोरीला टांगलेली वस्तू हलताना तर आदम अलैहिस्सलामच्या लेकरांनी पहिल्यापासून पाहिली असेल!"

मुलाने माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. मी इतिहास घेऊन बी.ए. झालेला, नंतर बी.एड. केलेला माणूस, दोन्हीपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. परत येताना एस.टी.त तो मुलगा बराच वेळ गप्प होता. मग एवढेच म्हणाला, "सर, तुम्ही सांगितलं म्हणून मी म्हटलं."

त्या वाक्याने मला अभ्यासाला बसवले. जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो. परीक्षकांचा पहिला प्रश्न इतिहासाचा होता आणि दुसरा विज्ञानाचा. पण दुसऱ्याचे उत्तर कळल्याशिवाय पहिल्याचे कळत नाही. म्हणून आधी दुसरा प्रश्न घेऊ.

विद्यार्थी मित्रहो, जी हालचाल ठराविक काळाने पुन्हा पुन्हा तशीच होते, तिला आवर्ती गती म्हणतात. घड्याळाचा काटा, सूर्याभोवती फिरणारी पृथ्वी, नाडीचे ठोके, झोपाळा, शिलाई मशीनची सुई, कॅरमच्या दोन कडांमध्ये सरळ ये-जा करणारा स्ट्रायकर ही सर्व आवर्ती गतीची उदाहरणे समजा. पण ही सर्व एकाच जातीची आहेत काय? मुळीच नाहीत. पृथ्वी फिरते, ती मागे-पुढे होत नाही. झोपाळा आणि स्ट्रायकर मागे-पुढे होतात. अशा गतीला आंदोलन म्हणतात. म्हणजे प्रत्येक नियमित आंदोलन आवर्ती असते, पण प्रत्येक आवर्ती गती आंदोलन नसते.

आता आंदोलनांतही भेद आहे. घर्षण क्षणभर विसरू या. स्ट्रायकर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारख्याच वेगाने जातो, कड लागताच एकदम उलट फिरतो. मधल्या वाटेत त्याला कोणी ओढत नाही. जोरात मारला तर त्याची फेरी लवकर पुरी होते, हळू मारला तर उशिरा. दुसरे उदाहरण रबरी चेंडूचे. चेंडू जमिनीवर आपटून न दमता उसळत राहिला असे समजा. त्याला खाली ओढणारे बल उंचावर आणि जमिनीजवळ सारखेच असते. परिणाम असा, की चौपट उंचीवरून सोडलेल्या चेंडूला एका उसळीसाठी दुप्पट वेळ लागतो. स्ट्रायकर काय किंवा चेंडू काय, हालचाल केवढी मोठी किंवा किती जोराची यावर तिचा काळ ठरतो.

तिसरे उदाहरण स्प्रिंगचे घ्या, आणि इथेच निराळी गोष्ट दिसते. ताणकाट्याला एक किलो वजन लावले की स्प्रिंग जेवढी ताणते, तिच्या दुप्पट ती दोन किलोला ताणते. याचाच अर्थ, वस्तू मध्यापासून जितकी दूर, तितक्याच पटीने तिला मागे ओढणारे बल जास्त. दुप्पट दूर नेली तर दुप्पट ओढ, तिप्पट नेली तर तिप्पट. आता वजन जास्त खाली ओढून सोडले तर त्याला वाट दुप्पट चालावी लागते खरी, पण ओढही दुप्पट असल्याने त्याचा वेगही त्या त्या टप्प्यावर दुप्पट असतो. वाट दुप्पट आणि वेग दुप्पट, मग वेळ? तेवढीच! हेलकावा लहान असो की मोठा, त्याला लागणारा काळ बदलत नाही. या गतीला शास्त्राच्या पुस्तकांत सरल हरात्मक गती म्हणतात. नाव अवघड आहे, पण ओळखण्याची खूण सोपी आहे : परत ओढणारे बल नेहमी मध्याकडे असावे आणि ते अंतराच्या पटीत वाढावे. ही खूण असेल तर गती सरल हरात्मक. नसेल तर ती कितीही नियमित असो, आवर्ती म्हणावी, सरल हरात्मक म्हणू नये.

या गतीची आणखी एक ओळख लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे. एक चाक एकसारख्या वेगाने फिरत आहे आणि त्याच्या कडेला एक खुंटी आहे अशी कल्पना करा. चाकाच्या पातळीतच एका बाजूने दूरचा उजेड पाडला, तर समोरच्या भिंतीवर खुंटीची सावली फक्त एका सरळ रेषेत वर-खाली होताना दिसेल. ती मध्यावर सर्वांत वेगाने जाईल आणि दोन्ही टोकांशी मंदावत क्षणभर थांबल्यासारखी होईल. सावलीची ही गती म्हणजे तंतोतंत सरल हरात्मक गती होय. खुंटी वर्तुळात फिरते आणि तिची सावली आंदोलन करते. आपल्या घरातील शिलाई मशीनची सुई अशीच फिरत्या भागावरून वर-खाली होते. पण मधे जोडदांडा असल्याने तिची गती सावलीच्या गतीहून किंचित वेगळी पडते. म्हणजे ती या गतीच्या अगदी शेजारी आहे, पण तीच नव्हे.

आता लंबकाकडे वळू. तो कोणत्या जातीचा? येथेच भल्याभल्यांची फसगत झालेली आहे.

पिसा येथील चर्चमध्ये झुंबर हलताना पाहून तरुण गॅलिलिओने आपल्या नाडीच्या ठोक्यांवर त्याचे झोके मोजले आणि १५८३ साली लंबकाचा नियम शोधला, ही गोष्ट आपण सर्वांनी वाचली आहे. ती त्याचा शिष्य विव्हियानी याने गुरूच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या चरित्रात आहे. पण जे झुंबर आज तेथे गॅलिलिओचे म्हणून दाखवतात, ते १५८७ मधले आहे! म्हणजे सुंदर गोष्टी रचून सांगण्याची खोड केवळ आपल्यालाच आहे असे नव्हे. मात्र गॅलिलिओच्या बाबतीत गोष्टीखेरीज कागदही आहे. १६०२ मध्ये त्याने गिदोबाल्दो देल मॉन्ते या आपल्या हितचिंतकाला लिहिलेल्या पत्रात लंबकाचा झोका मोठा असो वा लहान, वेळ सारखाच लागतो, असे प्रतिपादन केले आहे. हे पत्र उपलब्ध आहे. लंबकाचा शोध याचा अर्थ हा आहे : टांगलेली वस्तू हलते हे पाहणे म्हणजे शोध नव्हे, तर तिच्या हलण्यात काळाचा कोणता नियम आहे हे ओळखणे म्हणजे शोध.

आणि गंमत अशी, की गॅलिलिओचा तो नियम पुरता खरा नव्हता. लंबकाला मध्याकडे आणणारी ओढ झोका लहान असेपर्यंतच अंतराच्या पटीत वाढते. झोका मोठा झाला की ओढ त्या प्रमाणात कमी पडते. लंबक बाजूला नव्वद अंशांपर्यंत नेला, तर जितकी ओढ हवी तिच्या जेमतेम दोन-तृतीयांश इतकीच ती असते. साहजिकच मोठ्या झोक्याला जास्त वेळ लागतो. नव्वद अंशांच्या झोक्याला लहान झोक्यापेक्षा सुमारे १८ टक्के जास्त. घरी करून पाहा. एकाच उंचीवर, सारख्याच लांबीच्या दोऱ्यांना सारखेच दोन दगड बांधा. दोरी एक मीटरची असेल तर लहान झोक्याला जाऊन-येऊन सुमारे दोन सेकंद लागतील. आता एक दगड थोडासा आणि दुसरा बराच दूर नेऊन एकदम सोडा. काही झोक्यांतच मोठ्या झोक्याचा दगड मागे पडलेला दिसेल. फ्रान्समधील मेर्सेन या पाद्र्याने गॅलिलिओच्या हयातीतच ही तफावत ओळखली होती.

हॉलंडच्या क्रिस्तियान हॉयगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचे पहिले घड्याळ बनवले. तोवरची घड्याळे दिवसाला पंधरा मिनिटांच्या आसपास चुकत. हॉयगेन्सच्या लंबकाने ती चूक पंधरा सेकंदांच्या जवळपास आणली. पण त्याचे तेवढ्याने समाधान झाले नाही. दोन्ही बाजूंना केवळ पाच अंश जाणारा लंबकसुद्धा आदर्श लहान झोक्याच्या तुलनेत दिवसाला चाळीस सेकंदांइतका मागे पडतो. मग असा कोणता वक्र मार्ग असेल, की ज्यावरून झोका लहान असो वा मोठा, काळ खरोखर सारखाच लागेल? १६५९ मध्ये त्याला उत्तर सापडले. सरळ रस्त्यावरून गाडी चालली असता तिच्या चाकाच्या धावेवरील एखादा ठिपका हवेत जी कमान काढतो, तिला सायक्लॉइड म्हणतात. ती कमान उलटी केली की हवा तो मार्ग मिळतो. लंबक वर्तुळाच्या कमानीवर न झुलता या कमानीवर झुलला तर त्याची गती खऱ्या अर्थाने सरल हरात्मक होते. हॉयगेन्सने हे सर्व १६७३ च्या आपल्या ग्रंथात सिद्ध करून दाखवले. पुढे १६७८ मध्ये इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने स्प्रिंगचा नियम जाहीर केला : जेवढा ताण, तेवढे बल. "जवळजवळ सारखा काळ" आणि "तंतोतंत सारखा काळ" यांतला फरक अशा रीतीने शंभर वर्षांच्या आत उलगडला. जवळजवळ खरे आणि खरे यांत फरक करण्याची ही सवयच विज्ञानाला पुढे घेऊन गेली.

आता पहिला प्रश्न. इब्ने यूनुस यांनी लंबक वापरला, हे कुठल्या ग्रंथात आहे?

पालकहो, हदीसच्या अभ्यासाची आपल्याकडे केवढी मोठी परंपरा आहे हे आपण जाणता. केवळ वचन सुंदर आहे, मनाला पटते, म्हणून मुहद्दिसांनी ते कधी स्वीकारले नाही. ते कोणी कोणाकडून ऐकले, ती माणसे एकमेकांना भेटली होती काय, त्यांची स्मरणशक्ती आणि सचोटी कशी होती, ही सारी सनद तपासून मगच एखादी रिवायत सहीह, एखादी जईफ आणि एखादी मौजू म्हणजे बनावट, असे त्यांनी ठरवले. इमाम बुखारी (मृत्यू ८७०) यांच्या कामाचा आपण आदर करतो तो याच कसोटीमुळे. मी भाषण लिहिताना हीच कसोटी विसरलो होतो. म्हणून लंबकाच्या रिवायतीची सनद तपासू.

माझ्या भाषणातले वाक्य मी एका छोट्या पुस्तिकेतून घेतले होते. तसेच वाक्य अनेक इंग्रजी पुस्तकांत सापडते, आणि ती पुस्तके आपल्या आधीच्या पुस्तकांकडे बोट दाखवतात. असे मागे मागे जाता अखेर आपण १६८४ सालच्या ऑक्सफर्डमध्ये पोहोचतो. तेथील एडवर्ड बर्नार्ड या प्राध्यापकाने एका पत्रात अरब ज्योतिर्विदांची तोंड भरून स्तुती करताना ते लंबकाच्या झोक्यांनी काळ मोजत असे लिहून टाकले. कोणत्या अरबी ग्रंथात, कोणत्या पानावर, हे त्याने सांगितले नाही. पुढे ही गोष्ट इब्ने यूनुस यांच्या नावाला चिकटली आणि पुस्तकातून पुस्तकात फिरत राहिली. इस्लामी खगोलशास्त्राचे अभ्यासक डेव्हिड किंग यांनी या प्रकरणाची छाननी करून १९७९ मध्ये दाखवून दिले, की ही सारी चुकांची मालिका आहे. त्या विधानाला इब्ने यूनुस यांच्या लेखनात आधार नाही. विचार करा : इब्ने यूनुस वारले १००९ मध्ये आणि रिवायत सुरू होते १६८४ मध्ये. मधली पावणेसातशे वर्षे एकही रावी नाही! मुहद्दिसांपुढे अशी सनद ठेवली असती तर त्यांनी काय म्हटले असते, हे मी सांगण्याची गरज नाही.

हे वाचून काही वाचकांना वाईट वाटेल. मलाही वाटले होते. पण इब्ने यूनुस यांनी खरोखर काय केले ते कळल्यावर ते वाईट वाटणे नाहीसे झाले. फातिमी खलिफा अल-हाकिम यांच्या नावाने त्यांनी 'अल-जीज अल-हाकिमी' हा ग्रहगणिताचा मोठा ग्रंथ रचला. त्यात त्यांनी आपल्या आधीच्या आणि स्वतःच्या काळातील ग्रहणांच्या नोंदी जपून ठेवल्या. ग्रहणाची वेळ कशी मोजली हेही त्या नोंदींत दिसते : सूर्याची किंवा एखाद्या ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची अंशांत मोजून. लंबकाची त्यांना गरजच पडली नाही. या नोंदी इतक्या भरवशाच्या होत्या, की सुमारे पावणेनऊशे वर्षांनंतर, १८७८ मध्ये, सायमन न्यूकम या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने चंद्राच्या गतीतील सूक्ष्म बदल शोधण्यासाठी त्यांचा उपयोग केला. कैरोत नमाजच्या वेळा ठरवण्यासाठी त्यांच्या नावाने चालत आलेली कोष्टके एकोणिसाव्या शतकापर्यंत वापरात होती. खरे काम एवढे मोठे असताना आपण त्यांच्या गळ्यात उसना लंबक का अडकवावा?

मग सरल हरात्मक गतीच्या इतिहासात मुसलमान विद्वानांचे काहीच स्थान नाही काय? आहे, आणि ते लंबकाहून सरस आहे. पण ते भाषणात येत नाही, कारण ते समजून घ्यायला थोडी भूमिती लागते.

खुरासानातील तूस येथे १२०१ मध्ये जन्मलेले नसीरुद्दीन तूसी हे मोठ्या उलथापालथीच्या काळातले विद्वान. इस्माइलींच्या अलमूत येथील किल्ल्यात त्यांनी कित्येक वर्षे काढली. १२५६ मध्ये हुलागूच्या मोगोल फौजांपुढे तो किल्ला पडला. १२५८ मध्ये बगदाद उद्ध्वस्त झाले. त्याच हुलागूकडून तूसी यांनी १२५९ मध्ये इराणच्या वायव्येला मरागा येथे वेधशाळा उभी करून घेतली. तलवारीच्या त्या काळात त्यांनी आकाश मोजण्याचे काम थांबू दिले नाही.

त्यांच्यापुढे प्रश्न असा होता. प्राचीन ग्रीक शास्त्रानुसार आकाशातील गती वर्तुळाकार आणि एकसारखी असायला हवी. परंतु दुसऱ्या शतकातील टॉलेमीने ग्रहांचे गणित जुळवताना अशी वर्तुळे घेतली, की त्यांची गती त्यांच्या स्वतःच्या केंद्रावरून नव्हे, तर दुसऱ्याच एका बिंदूवरून पाहिली असता एकसारखी दिसे. गणित जुळत होते, पण तत्त्व मोडत होते. इब्नुल हैसम यांनी अकराव्या शतकातच यावर स्पष्ट आक्षेप घेतला होता. गणितही जुळावे आणि तत्त्वही सांभाळावे यासाठी एखाद्या बिंदूला सरळ रेषेत मागे-पुढे हलवणे जरूर होते. आणि तेही फक्त वर्तुळांच्या साहाय्याने.

तूसी यांनी १२६१ च्या 'अत्-तजकिरा' या ग्रंथात त्याची रीत मांडली. एका मोठ्या वर्तुळाच्या आत, बरोबर अर्ध्या व्यासाचे लहान वर्तुळ कडेकडेने न घसरता फिरवा. लहान वर्तुळाच्या परिघावर खूण केलेला बिंदू वाकडातिकडा न जाता मोठ्या वर्तुळाच्या एका व्यासावरच सरळ ये-जा करील! विद्यार्थी मित्रहो, जाड पुठ्ठ्यात १२ सेंटीमीटर व्यासाचे भोक पाडा, ६ सेंटीमीटरची चकती कापा, तिच्या कडेला पेन्सिलीचे टोक धरून ती भोकाच्या कडेने फिरवा. दोन गोल गोष्टींतून सरळ रेषा निघालेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहाल.

आता ही रेषेवरची ये-जा कोणत्या जातीची? दोन वर्तुळे जेथे टेकतात तो स्पर्शबिंदू मोठ्या वर्तुळाच्या परिघावर फिरत असतो. मोठ्या वर्तुळाचे केंद्र आणि हा स्पर्शबिंदू ही लहान वर्तुळाच्या एका व्यासाची दोन टोके होत. आपला खुणेचा बिंदू त्याच लहान वर्तुळावर आहे. अर्धवर्तुळातील कोन काटकोन असतो, हे आपण शाळेत शिकतोच. म्हणून खुणेच्या बिंदूपाशी काटकोन झाला; म्हणजेच तो स्पर्शबिंदूपासून व्यासावर टाकलेल्या लंबाचा पाया झाला. सोप्या भाषेत, खुणेचा बिंदू म्हणजे स्पर्शबिंदूची व्यासावर पडलेली सावली! आणि एकसारख्या वेगाने वर्तुळात फिरणाऱ्या बिंदूच्या सावलीच्या गतीला काय म्हणतात, हे आपण वर पाहिलेच आहे. गॅलिलिओच्या आधी साडेतीनशेच्या आसपास वर्षे, मरागाच्या त्या कागदावर, जवळजवळ नव्हे तर तंतोतंत सरल हरात्मक गती रेखलेली होती.

मात्र येथेही माप सोडून बोलायचे नाही. तूसी यांनी स्प्रिंगचा किंवा बलाचा विचार केला नव्हता. या गतीला आजचे नाव त्यांनी दिले नव्हते. त्यांना ग्रहांची गती मांडायची होती, आणि त्यासाठी त्यांनी ही भूमिती शोधली. एवढेच म्हणावे, आणि एवढे पुष्कळ आहे. फ्रेंच विद्वान कारा द व्हो याने १८९३ मध्ये या प्रकरणाचे भाषांतर छापले, तेव्हा युरोपच्या अभ्यासकांचे तिकडे लक्ष गेले. १५४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोपर्निकसच्या ग्रंथातही हीच रचना आहे. १९७३ मध्ये विली हार्टनर यांनी दाखवले, की दोन्ही ग्रंथांतील आकृत्यांवरची अक्षरेसुद्धा बरीच जुळतात. जेथे तूसी यांनी अलिफ लिहिले तेथे कोपर्निकसने ए. ही रचना त्याच्यापर्यंत पोहोचली की त्याला स्वतंत्रपणे सुचली, आणि पोहोचली तर कोणत्या वाटेने, यावर विद्वानांत अजून एकमत नाही. तेव्हा "कोपर्निकसने चोरी केली" असे वाक्यही कोणी भाषणात घालू नये. आपल्याकडे जेवढी सनद आहे, तेवढेच बोलावे.

कोणी म्हणेल, गुरुजी, आवर्ती आणि सरल हरात्मक यांतला हा भेद एवढा घोळण्याचा उपयोग काय? उपयोग आपल्या कोकण किनाऱ्यावर रोज दिसतो. नेपोलियनबरोबर १७९८ मध्ये मिसरला गेलेला आणि इब्ने यूनुस यांच्याच कैरोत विद्वत्सभेचा चिटणीस म्हणून काम केलेला फुरिये नावाचा फ्रेंच गणिती होता. त्याने १८२२ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले, की आवर्ती गती कितीही गुंतागुंतीची असली तरी ती अनेक सरल हरात्मक गतींची बेरीज म्हणून लिहिता येते. म्हणजे सरल हरात्मक गती ही आवर्ती गतींची मुळाक्षरे ठरली.

भरती-ओहोटीच पाहा. समुद्र चढतो-उतरतो, पण रोजची भरती सारखी नसते. चंद्रामुळे येणारा मुख्य हेलकावा सुमारे १२ तास २५ मिनिटांचा आणि सूर्यामुळे येणारा १२ तासांचा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दोघे एकत्र चढतात आणि उधाण येते. अष्टमीच्या सुमारास एक चढताना दुसरा उतरतो आणि भांगाची भरती येते. एकट्या समुद्राकडे पाहून जो हिशेब लागत नाही, तो असे सरल हेलकावे वेगळे केले की लागतो. विल्यम टॉमसन, पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८७२-७३ च्या सुमारास हे हेलकावे यंत्राने बेरीज करण्याची युक्ती काढली. फिरत्या चाकांवरून वर-खाली होणाऱ्या अनेक कप्प्या, त्या सर्वांवरून गेलेली एक तार आणि तारेच्या टोकाला लेखणी. असेच एक यंत्र १८७९ मध्ये हिंदुस्थानातील बंदरांच्या भरतीची कोष्टके करण्यासाठी लंडनमध्ये तयार झाले. आपल्यापैकी कित्येकांचे वाडवडील तांडेल, खलाशी होते. बंदरात शिरण्याची वेळ ते अनुभवाने सांगत. तीच वेळ महिनोन् महिने आधी कागदावर छापता आली, ती फिरत्या चाकावरून सरळ हेलकावा काढण्याच्या या विद्येच्या जोरावर.

असो. लेख लांबला. शेवटी पालकांना एक विनंती करून थांबतो. आपल्या मुला-मुलींनी आपल्या पूर्वजांचा अभिमान बाळगावा असे आपणा सर्वांना वाटते, आणि ते योग्यच आहे. पण परीक्षकाच्या पहिल्याच प्रश्नाला कोसळणारा अभिमान मुलाच्या हाती देऊ नका. मला विचाराल तर तसा अभिमान देण्यापेक्षा पुठ्ठ्याची ती दोन वर्तुळे द्या. ज्या मुलीने ती स्वतः कापून फिरवली आणि काटकोनाची सिद्धता स्वतः लिहिली, तिला तूसी कोण होते हे आयुष्यभर कोणी विसरायला लावू शकणार नाही. आणि घरात किंवा वर्गात मुलाने "हे कुठल्या किताबात आहे?" असे विचारले तर रागावू नका. तो उद्धटपणा करत नाही. आपल्याच बुजुर्गांची रीत पाळतो.

तो विद्यार्थी शाळा सोडून जाण्यापूर्वी मी त्याला वर्गात उभे करून सर्वांदेखत सांगितले, की त्या दिवशी चूक तुझी नव्हती, माझी होती. तो लाजून हसला आणि म्हणाला, "सर, मग खरं काय आहे ते सांगा ना." त्या दिवशी फळ्यावर मी पहिल्यांदा ती दोन वर्तुळे काढली. हा लेख म्हणजे त्याच तासाचा सविस्तर पाठ आहे.

अल्लाह तआला आपल्या लेकरांना प्रश्न विचारण्याची हिंमत देवो, आणि आपणा वडीलधाऱ्यांना खरे तेच सांगण्याची तौफीक अता फरमावो. आमीन.